जट कापल्यानंतरचा पहिला सेंटिमीटर

जट कापून झाली की बाईचा हात बहुधा आधी मानेवर जातो. वर्षानुवर्षे तिथे लोंबणारे ओझे खरेच गेले का, हे तिला चाचपून पाहायचे असते. मग बोटे सावकाश डोक्यावर चढतात आणि तळव्याला काहीतरी टोचते. कात्री जिथे त्वचेजवळ पोहोचली तिथे केस अर्ध्या सेंटिमीटरचे, जिथे पोहोचली नाही तिथे दोन सेंटिमीटरचे. आरसा समोर धरला की घरातल्यांचे लक्ष तिच्या चेहऱ्यावर असते आणि तिचे मात्र केसांतून डोकावणाऱ्या पांढुरक्या कातडीवर. मग दोन प्रश्न येतात. ‘केस परत येतील ना?’ हा मोठ्याने विचारला जातो. दुसरा हळू आवाजात, ‘परत जटच आली तर?’

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे प्रश्न नवे नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारी असंख्य घरे या मुलखात आहेत. केसांत गुंता झाला आणि तो सुटेना, की ‘देवीचे बोलावणे आले’ असे समजायचे, गुंत्याला भंडारा लावायचा आणि फणी कायमची बंद करायची, ही रीत इथल्या कितीतरी गावांनी पाहिली आहे. एके काळी एवढ्या कारणावरून मुलगी देवीला सोडली जाई. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 चा कायदा झाला. मुली सोडणे कायद्याने गुन्हा ठरले, पण डोक्यावरच्या जटेला कायदा हात लावत नाही. ती उतरवायची तर बाईचीच संमती लागते.

साताऱ्यात जन्मलेले, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि साताऱ्यातच दवाखाना चालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे वार्तापत्र सांगलीतून निघते. जटनिर्मूलन हे समितीच्या सातत्याने चाललेल्या कामांपैकी एक. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, तरी ते काम थांबले नाही. पूर्वी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या कार्यकर्त्या आजही कात्री घेऊन गावोगाव जातात. कापायला लागणाऱ्या वेळापेक्षा समजूत घालायला लागणारा वेळ कितीतरी जास्त असतो. त्या समजावणीविषयी बरेच लिहिले जाते. कापल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांविषयी फारसे कुणी बोलत नाही आणि खरी घालमेल तर तेव्हाच सुरू होते.

जटेला कात्री लावली की रक्त येते, बाई आंधळी होते, घरात कुणीतरी दगावते, असे सांगितले जाते. त्वचेच्या वर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा आहे. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. नख कापताना दुखत नाही त्याच कारणाने केस कापतानाही दुखत नाही. ओढल्यावर जी कळ येते ती केसाची नसते. त्वचेखाली साधारण चार मिलिमीटर खोल असलेल्या मुळीभोवतीच्या मज्जातंतूंची ती असते. रक्त आले तर ते कात्री कातडीला लागल्याचे.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. युरोपात अशा जटेला वैद्यकाने नावच ‘प्लिका पोलोनिका’, म्हणजे पोलिश जट, असे ठेवले होते. पोलंड म्हटले की या भागातल्या जुन्या लोकांना दुसऱ्या महायुद्धातली, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी आठवते. त्या माणसांच्या पणज्याही एके काळी अगदी हेच म्हणत असत, की कापाल तर दृष्टी जाईल, आजार अंगात उतरेल. क्राकूव्हचे डॉक्टर युझेफ दिएत्ल यांनी एकोणिसाव्या शतकात या समजुतीविरुद्ध जोर लावला. जट हा आजार नसून न विंचरल्याचा परिणाम आहे, कापल्याने काही होत नाही, हे त्यांनी लोकांना सांगितले. तिथे यल्लम्मा नव्हती. तरी भीतीची भाषा तीच होती.

जट बनते कशी, हे कळले की तिच्या परत येण्याची भीतीही निम्मी होते. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले 50 ते 100 रोज गळतात. विंचरणाऱ्याच्या हाती ते फणीत येतात. फणी बंद झाली की गळालेला केस बाहेर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून राहतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. ओल, घाम, तेल, धूळ आणि घासणे यांमुळे हे खवले एकमेकांत रुततात. लोकरीचे कापड गरम पाण्यात चोळून धुतले की आटून घट्ट होते, तेच इथे होते. वरून भंडारा आणि तेलाचे थर बसले की गुंत्याचा दोर होतो आणि दोराचा दांडका.

एरवी एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग थांबतो आणि गळतो. म्हणून प्रत्येकाच्या केसांच्या लांबीला एक मर्यादा असते. जट मात्र गुडघ्यापर्यंत जाते, कारण तिच्यात कधीच गळून गेलेले केस अडकलेले असतात. ‘एवढी लांब कुणाची वेणी होते का? ही देवीचीच,’ असे म्हणणाऱ्याला उत्तर इथे आहे. तो एका केसाचा पल्ला नसतो. एकमेकांना धरून बसलेल्या, मेलेल्या केसांची ती साखळी असते.

आता कापल्यानंतरचा हिशेब. डोक्यावरचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. माणसागणिक थोडा फरक पडतो, पण औषधी तेल, कांद्याचा रस किंवा नवस यांनी हा वेग दुप्पट होत नाही. एका केसाची वाढ क्षुल्लक वाटते, पण लाख केसांची बेरीज केली तर एक डोके दिवसाला तीस मीटरहून अधिक धागा तयार करते.

एवढ्या आखूड केसांची लांबी डोळ्यांनी ओळखणे अवघड असते. सलूनमधली भाषा इथे कामाला येते. मशीनला कंगवा न लावता फिरवले तर ‘झिरो’, म्हणजे जेमतेम एखादा मिलिमीटर. एक नंबरचा कंगवा तीन मिलिमीटर केस ठेवतो, दोन नंबरचा सहा, तीनचा सुमारे दहा आणि चारचा बारा-तेरा. सैन्यात माणूस नाही असे घर शोधावे लागेल अशा अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हे आकडे पोरांनाही पाठ असतील. वस्तऱ्याने तुळतुळीत केलेले डोके एक नंबरला पोहोचायला नऊ-दहा दिवस घेते, दोन नंबरला अडीच आठवडे आणि चार नंबरला पाच-साडेपाच आठवडे. तिरुपतीला केस देऊन आलेल्या माणसाकडे पाहून घरातले लोक ‘अजून काहीच आले नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा दहावा दिवस असतो आणि केस वेळापत्रकाप्रमाणेच चालू असतात. तीन मिलिमीटरच्या आत कातडी दिसतेच. एक सेंटिमीटरच्या पुढे केस दाट असतील तर ती झाकली जाऊ लागते.

जट कापलेल्या डोक्यावर मात्र सगळीकडे एकच नंबर नसतो. काहींना एकच जट असते आणि बाकीचे केस नीट विंचरलेले असतात. काहींचे अख्खे डोकेच जटेत गेलेले असते. कापल्यावर एकीकडे पाच मिलिमीटर आणि दुसरीकडे वीस मिलिमीटर राहिले, तर ‘वाढले की सारखे होतील’ असा दिलासा दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन्हीकडचे केस एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे पंधरा मिलिमीटरचा फरक वर्षानंतरही पंधरा मिलिमीटरच राहतो. फरक मिटवायचा असेल तर लांब केस आखूड करावे लागतात. सुरुवातीलाच सगळे केस एका नंबरवर आणायचे की जेवढे आहेत तेवढे ठेवायचे, हे तिनेच ठरवायचे असते. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही चालते.

सगळे केस एका वेळी वाढतही नसतात. कुठल्याही क्षणी शंभरातले 85 ते 90 केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि उरलेले बहुतेक विश्रांतीत. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, त्यानंतर जुना केस गळतो आणि त्याच मुळीतून नवा उगवतो. म्हणजे कापल्यानंतर दर दहा खुंटांमागे एखादा खुंट वाढणारच नाही, तो गळेल. इथे एक वेगळीच गंमत, खरे तर वेगळीच भीती, तयार होते. जटेत गळालेले केस अडकून बसत, त्यामुळे त्या बाईने कित्येक वर्षांत स्वतःचा केस गळताना पाहिलेलाच नसतो. आता उशीवर रोज बारीक बारीक केस दिसू लागतात आणि घरात कुजबुज सुरू होते, की बघा, देवी कोपली. प्रत्यक्षात ते रोजचेच 50 ते 100 केस असतात. ते पहिल्यांदाच दिसत असतात, इतकेच.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला केसांचे पुन्हा येणे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ऊस तोडला तरी जमिनीतल्या बुंध्यातून खोडवा फुटतो. केसाचेही तसेच, कापले ते वरचे, कारखाना खाली शाबूत. पण ही उपमा जपून वापरायला हवी. खोडव्याचे उत्पादन दर वेळी घटते, केसांचे कापल्यामुळे घटत नाही. आणि वाढतही नाही. जावळ काढले की बाळाचे केस दाट येतात, वस्तरा फिरवला की राठ येतात, हा समज घरोघरी आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ महिलेने 1928 मध्ये दाढीचे केस मोजूनमापून पाहिले, तेव्हा दाढी केल्याने केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलल्याचे आढळले नाही. वस्तरा चार मिलिमीटर खालच्या मुळीपर्यंत पोहोचतच नाही, तर तिला हुकूम कसा देणार?

मग राठ का लागतात? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट, ज्वारी कापल्यावर रानात राहणाऱ्या सडासारखे. शिवाय आखूड केस वाकत नाही. एका टोकाला रोवलेली काडी लांबीला दुप्पट केली तर स्वतःच्या वजनाने होणारा तिच्या टोकाचा झोक सोळा पट होतो. म्हणून एक सेंटिमीटरचा केस ताठ उभा राहतो आणि चार-पाच सेंटिमीटरचा निवांत पडतो. पहिले दोन-तीन महिने डोके साळिंदरासारखे दिसते ते यामुळे, त्याला तेल चोपडून बसवण्याचा काही उपयोग नाही. विश्रांतीतून उठलेले नवे केस निमुळत्या टोकाचे येतात, तेही मधूनमधून मऊ लागतात.

त्वचेकडे मात्र लक्ष हवे. जट धुतली तरी आतून लवकर वाळत नाही, त्यामुळे खाली कोंडा, उवा, लिखा, कधी जखमा आणि बुरशी सापडते. पहिल्या आठवड्यात सौम्य शाम्पू किंवा शिकेकाईने धुणे, पूर्ण वाळवणे आणि उन्हात पदर घेणे पुरेसे असते. वर्षानुवर्षे सूर्य न पाहिलेली ती कातडी माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या उन्हात पटकन भाजते. उवा असतील तर औषध एकदा लावून भागत नाही. लिखांतून निघालेल्या नव्या उवांसाठी साधारण आठवड्या-दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते.

जटेचे सगळे नुकसान भरून येतेच, असे मात्र नाही. जड जट कपाळाकडच्या आणि कानांजवळच्या केसांची मुळे वर्षानुवर्षे ओढत असते. थोड्या काळाचा ताण असेल तर केस परततात. फार वर्षांचा असेल तर मुळीच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे केस येत नाहीत. ओळखण्याची साधी खूण अशी की, विरळ भागावर बारीक छिद्रे दिसत असतील तर आशा ठेवायला जागा आहे. कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि छिद्रहीन असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. तीन महिन्यांनंतरही एखाद्या चट्ट्यावर काहीच उगवले नसेल तरीही. गोल, स्वच्छ चट्टा ही चाई असू शकते. तिच्यात परतणारे पहिले केस अनेकदा पांढरे येतात आणि नंतर काळे होतात. तुटके केस, खवले आणि खाज असेल तर नायटा, विशेषतः लहान मुलांत.

मिरज-कऱ्हाडच्या रुग्णालयांतून केमोथेरपी घेऊन घरी परतणाऱ्या बायका याच लांबीतून जातात, पण त्यांचे गणित वेगळे आहे. तिथे कात्री वर चालत नाही, औषधाचा मार थेट मुळीवर बसतो. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात आणि उपचार संपल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत लव दिसू लागते. पहिले केस कधी कुरळे, कधी वेगळ्या छटेचे येतात. बहुतेकींचे पुढे पूर्ववत होतात. दोघींना एकाच दिवशी एकाच बाकावर बसवले तर सहा महिन्यांनी त्यांचे केस सारखे दिसतीलही. पहिल्या महिन्यात मात्र जट कापलेलीचे केस पुढे असतील.

गावात आखूड केसांच्या बाईकडे पाहणाऱ्या नजरेला एक जुना इतिहास आहे, आणि तो विसरून चालत नाही. महाराष्ट्रात कित्येक घरांत विधवेचे केशवपन होत असे. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे ते एकदा करून भागत नसे. न्हावी पुन्हा पुन्हा बोलावला जाई आणि दर वेळी तो अपमान नव्याने घडे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले, ते याच पार्श्वभूमीवर. जट कापलेल्या सवाष्णीच्या सासूला जेव्हा ‘असल्या डोक्याने हळदीकुंकवाला कशी नेऊ?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा तिच्या मनात देवीपेक्षा हे बोडके डोकेच जास्त असण्याची शक्यता आहे. पुरुषाच्या झिरो कटकडे दुसऱ्यांदा कुणी पाहत नाही. बाईच्या दोन सेंटिमीटर केसांचा अर्थ मात्र प्रत्येक जण आपापला लावतो.

त्या सासूला आणि तिच्या सुनेलाही तारखांची मदत होते. दोन महिन्यांत डोके भरलेले दिसू लागते. सहा महिन्यांत सहा सेंटिमीटर, म्हणजे कानाजवळ क्लिप टिकते. वर्षाला बारा सेंटिमीटर. गजरा पिनेने माळता येतो. खांद्याला टेकणारे केस आणि लहानशी वेणी यायला सुमारे अडीच वर्षे लागतात, अंबाडा बांधायला तीन. शुभकार्याची तारीख काढताना घरातली एखादी थोरली बाई बोटांवर महिने मोजते, तसेच हे मोजता येते.

दुसरा, हळू आवाजातला प्रश्न राहिला. पहिल्या तीन महिन्यांत जट परत येऊ शकत नाही, कारण दोन-तीन सेंटिमीटरच्या केसांना एकमेकांभोवती गुंडाळायला लांबीच नसते. गुंता धरण्याइतकी लांबी पाच-सहा महिन्यांनी येते, म्हणजे खरी काळजी तेव्हापासून घ्यायची. पण सवय आधीच लागावी लागते. पंधरा-वीस वर्षे फणी न लागलेल्या डोक्याला आणि हाताला दोन्हींना ती नवी असते. फणी अशुभ, तिने देवीला दुखवले जाते, हे इतकी वर्षे ऐकल्यावर पहिल्या दिवशी हात थबकतो. केस सेंटिमीटरभर असतानाच, विंचरायला काही नसताना, मोठ्या दातांचा कंगवा रोज एकदा फिरवायला सुरुवात केली तर तो थबकणे संपते. गुंता झालाच तर टोकाकडून सोडवत मुळाकडे यावे, मुळाकडून ओढू नये. ओल्या केसांचा अंबाडा घालू नये. सहाव्या महिन्यापासून रोजचे दोन मिनिटे विंचरणे, न्हाल्यावर वाळवणे आणि फणीत आलेले गळालेले केस काढून टाकणे, एवढेच पुरते. त्या फणीतल्या केसांची पहिली गुंडळी हातात आली की ती बाई ती बराच वेळ पाहत बसते.